कांतासाठी दोन मिनिटं

हिंगणघाट

सगळे उभे राहिले म्हणून कांताही उभी राहिली. माईकवरून ‘श्रद्धांजली’ हा शब्द आला की उठायचं, हात समोर धरायचे आणि पुढच्या माणसाच्या टाचांकडे बघत राहायचं, ही तिची जुनी सवय. कोण गेलं, हे तिनं नीट ऐकलंही नव्हतं.

शेजारी हरिदास काठीवर भार देत उठले. वय झालेलं, कानाला कमी येतं, त्यामुळे त्यांची कुजबुज पाच रांगांना ऐकू जाते.

“कोण गेलं वं?”

“चूप राहा, बाबा.”

“कांता म्हणे तो माईकवाला. कोणती कांता?”

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. मंचामागच्या पडद्यावर सिनेमाचं पोस्टर होतं. पूल, नदी, खाकी कपड्यांतली एक पाठमोरी बाई. माईकवर सत्कार समितीचे हिरालालजी डोळे मिटून उभे होते. ‘ज्या माउलीच्या बलिदानातून ही कथा जन्मली, त्या दिवंगत कांताबाई,’ असं ते नुकतंच म्हणाले होते.

“मीच, बाबा,” ती म्हणाली.

हरिदासनी मुलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मंग तू काऊन उभी? बस ना खाली.”

ती बसली नाही. पुढे दिवसभर तिला हिरालालपेक्षा याचाच राग येत राहिला. अल्लीपूरच्या गाडीत भल्याभल्यांना गप्प बसवणारी कांता कंडक्टर स्वतःच्याच श्रद्धांजलीला शाळेतल्या पोरीसारखी ताठ उभी राहिली.

पण सगळ्यात मोठं ते नव्हतं. मोठं हे होतं: मंचावर मधल्या खुर्चीपाशी तिचा धाकटा भाऊ उभा होता. रत्नदीप. कादंबरीकार होता, आता या सिनेमाचा पटकथालेखक, दिल्लीचं पारितोषिक घेऊन आलेला. दोन मिनिटं चालू असताना त्यानं मान वर केली. तिसऱ्या रांगेत त्याला बहीण दिसली. डोळ्याला डोळा भिडला. आणि त्यानं मान पुन्हा खाली घातली.

मग तो भाषणाला उठला. आता सांगेल, तिला वाटलं. तो बसस्टँडवरच्या चहाबद्दल बोलला. शाळेतल्या फळ्याबद्दल बोलला. आपली पहिली कादंबरी एसटीच्या पाठीमागच्या बाकावर लिहिली गेली, असं म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या गळ्यात हार पडले, हातात झाड असलेली कुंडी आली, आणि कांता मेलेलीच राहिली.

दृश्य ९१. बाहेर. वणा नदीचा पूल. संध्याकाळ.

*बाई खाकी गणवेशात. खांद्याला पैशांची कातडी पिशवी. लांबून बसचा हॉर्न. बाई चपला काढून कठड्याजवळ ठेवते, एकीला एक लावून. पिशवीचं तोंड उघडं राहिलं आहे. नाणी एकामागून एक पाण्यात पडतात. मग मोठा आवाज. मग काही नाही.*

हे सिनेमात.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा थिएटरच्या अंधारात कांताच्या मनात काय आलं असेल? रडू नाही आलं. सरकारी पैसे पाण्यात टाकले यानं, असं आलं. कंडक्टर जीव द्यायला निघाली तरी आधी डेपोत जाऊन भरणा करेल, एवढंही या पोराला कळू नये?

खरं झालं ते असं. हिंगणघाटहून सुटणारी अल्लीपूरची संध्याकाळची फेरी. गाडी गच्च. एका माणसानं तिच्या हातून तिकीट घ्यायला नकार दिला. तिकीट ड्रायव्हरजवळून घेईन, म्हणाला. पैसे तिच्या पायाशी फेकले, जातीवरून शिवी दिली. कांतानं एक घंटी दिली. गाडी थांबली. तिनं ड्रायव्हर गजेंद्रला सांगितलं, गाडी वळव, ठाण्यात घे. चाळीस-पन्नास माणसं, भाजीचे झोले आणि दोन कोंबड्या यांच्यासकट ती गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन उभी राहिली. केस बरीच वर्षं चालली. गजेंद्रची तेवढ्यात लांबच्या डेपोत बदली झाली. प्रवाशांना काही आठवेनासं झालं. एका कॉलेजच्या पोरीनं तेवढी साक्ष दिली, ती पुरली नाही. तो माणूस सुटला.

आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो तिच्याच गाडीत चढला, कारण त्या गावाला दुसरी गाडीच नव्हती. गाडीतले सगळे बोलायचे थांबले. कांतानं तिकीट फाडलं, पंचनं टोचलं आणि पुढे केलं. त्यानं खिडकीबाहेर बघत हात पुढे केला. तिच्या हातून घेतलं.

रत्नदीपची कादंबरी, ‘अल्लीपूर मुक्कामी’, तिथं संपते. हात पुढे येतो, तिकीट घेतो, दोन घंट्या होतात. कादंबरीचं प्रत्येक प्रकरण त्यानं कांताला त्याच गाडीत वाचून दाखवलेलं. कंडक्टरच्या सीटशेजारी बसून, खड्ड्यांतून, ओरडून. तो तेव्हा हिंगणघाटला शाळेत मास्तर होता. न पटलेल्या ठिकाणी ती हातातला पंच लोखंडी दांड्यावर एकदा ठोकायची. म्हणजे थांब, हे खोटं आहे. दोनदा ठोकला की चालू दे. बारा प्रकरणं अशी झाली. लोक म्हणायचे, मास्तर बहिणीला बाराखडी म्हणून दाखवते काय.

पटकथेच्या वेळी त्यानं तिला एक ओळ वाचून दाखवली नाही.

रस्त्यात

“गाडी वळवू का, आई?” पौर्णिमा म्हणाली. स्टिअरिंग तिच्या हातात होतं आणि ती ते पिळून काढत असल्यासारखी धरून होती. “हॉलवर परत जातो अन् माईक मागतो.”

“घरी चाल. पाटवडीचा रस्सा केला आहे.”

“तुले लोकायनं मारून टाकलं अन् तू रस्सा खाऊ घालून राह्यली त्याले.”

“पहाटे उठून केला, वाया घालू काय?”

मागच्या सीटवर हरिदास मांडीवरची शाल दोन्ही हातांनी पुन्हा पुन्हा सारखी करत होते. लेखकाचे वडील म्हणून त्यांना घातलेली. गिरणीत आयुष्य गेलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणी मंचाजवळ बोलावलं होतं.

“चूक झाली हिरालालच्यानं,” ते म्हणाले. “माणसाच्यानं होते. पोरानं नाव काढलं, ते पाहा ना.”

“आबाजी, तुम्ही सिनेमा पाह्यला का?” पौर्णिमानं आरशातून विचारलं.

“मले कुठं दिसते आता तेवढं. अन् ऐकू येते थोडं? पण रत्नानं सांगितलं सारं. म्हणे, तुम्ही पण आहा त्याच्यात.”

पौर्णिमानं तोंड उघडलं. कांतानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. पौर्णिमानं तोंड मिटलं, पण गाडी एकदम जोरात निघाली.

नालवाडी

ताटं वाढली. निवृत्तीनंतर कांतानं वर्ध्याला लागून बांधलेलं दोन खोल्यांचं घर, समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली कांताचा डेपोतल्या निरोप समारंभाचा. रत्नदीप आणि वर्षाली मागून आले. रत्नदीप हात धुऊन थेट पाटावर बसला, लहानपणी बसायचा तसा, आणि रश्श्यात भाकर कुस्करायला लागला. बोटांतल्या अंगठीला पिवळा रस्सा लागला.

“ताई, तुझ्या हातची पाटवडी मुंबईत स्वप्नात येते.”

“जिवंत बाईच्या हातची आहे,” कांता म्हणाली. “सावकाश खा.”

तो थांबला. बोलणं कधीतरी निघणार हे त्याला माहीत होतं, पण पहिल्या घासालाच निघेल असं वाटलं नसावं.

“मी हिरालालजींना नंतर सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“की… जरा गैरसमज झाला.”

“कोणाचा?”

“ताई, स्टेजवर सगळे उभे होते. मी मधेच ओरडून काय सांगू, की थांबा, ही तिसऱ्या रांगेत आहे? तमाशा झाला असता. तुझाच.”

“माह्या मरणात तमाशा नव्हता, जगण्यात झाला असता.”

वर्षालीनं पोळीचा डबा पुढे सरकवला. अल्लीपूरच्या वासुदेवराव पाटलांची ही मुलगी. रत्नदीपशी लग्न केलं तेव्हा माहेरचं कुणी आलं नव्हतं, आणि अजून येत नाही. ती कांताशी नेहमी जपून बोलते. आजही तिनं जपूनच सुरुवात केली.

“ताई, तुमचा राग बरोबर आहे. पण यांनी काय भोगलं ते मी पाहिलंय. कादंबरी निघाली तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात किती जणांनी वाचली? गठ्ठे आपल्याच खाटेखाली होते. मास्तरकी सोडली, मुंबईला गेलो, सात वर्षं दुसऱ्यांच्या मालिकांचे संवाद लिहिले. सासू-सुनांची भांडणं. नावसुद्धा यायचं नाही. या सिनेमानं पहिल्यांदा…”

“मी त्याच्या नावाचं बोलून राह्यली काय?”

“बदल करावेच लागतात. मी होते ना त्या गाडीत? साक्ष मी दिली. माझ्या वडिलांनी घराचं दार लावून घेतलं त्यापायी. सिनेमात कुठं आहे मी? माझ्याजागी तो नागपूरचा वकील आला, गोरापान, गाडीवर बसून. मी बोलले का एक शब्द?”

हे ती नवऱ्याची बाजू घेऊन म्हणत होती. पण शेवटच्या वाक्यापाशी तिचा आवाज चिरला आणि ती स्वतःच दचकली, जणू तिनं ते पहिल्यांदाच ऐकलं.

पौर्णिमा म्हणाली, “मामी, बोलायला पाह्यजे होतं.”

रत्नदीपनं ताट बाजूला सारलं. बोलायला लागला की तो चांगला बोलतो. शब्द त्याच्याकडे गर्दी करून येतात. पहिल्या खर्ड्यापासून त्यानं सांगायला घेतलं.

*पहिला खर्डा.* बाई तिकीट देते, माणूस घेतो. दिग्दर्शक विचारतो, मग? शेवट कुठे आहे?

*दुसरा.* माणूस तिकीट घेतो आणि माफी मागतो. निर्माता म्हणतो, छान. दिग्दर्शक म्हणतो, खोटं वाटतं.

*तिसरा.* बाईची नोकरी जाते. बाई स्टँडवर एकटी बसते. ऐकायला बोलावलेली चार माणसं घड्याळ बघतात.

*चौथा.* बाई पुलावर जाते. परत येते. दिग्दर्शक म्हणतो, परत कशाला येते?

*पाचवा.*

“पाचव्यात टाकलं मले,” कांता म्हणाली.

“तुला नाही, ताई. पात्राला. आणि त्यानं काय झालं बघ ना. थिएटरात लोक हमसून रडले. कॉलेजच्या पोरांची पत्रं येतात मला. असं काही होतं हेच माहीत नव्हतं, म्हणतात. तू जिवंत होतीस त्या पुस्तकानं कुणाच्या डोळ्यात पाणी आणलं नाही. तू मेलीस आणि लोक हलले.”

“हलले. अन् मंग उठून घरी गेले, जेवले.” तिनं त्याच्या ताटात आणखी रस्सा घातला, न विचारता. “रत्ना, मी एक विचारतो तुले. आपली बाई पडद्यावर मेल्याशिवाय यायले रडू येत नाई काय? ते रडतात कायच्यासाठी, सांगू? मेलेली बाई काही मागत नाई म्हणून. तिच्यासाठी दोन मिनिटं उभं राहाता येते, फुकट आहे ते. जिवंत बाई गाडीत चढली त तिच्यासाठी उठते का कोणी?”

त्यानं अंगठीवरचा रस्सा बोटानं पुसला.

“अन् दिवस कोणता निवडला तू? त्यानं माह्या हातून तिकीट घेतलं तो. कोर्टानं नाई दिलं ते मले त्या दिवशी भेटलं. माह्या साऱ्या जन्मात त्याच्याएवढा दिवस नाई. अन् बरोबर त्याच दिवशी तू मले पुलावर नेलं.”

“मी पाठवला होता ना तुला तो खर्डा,” रत्नदीप हळूच म्हणाला.

वर्षालीनं चमकून पाहिलं. “वाचून दाखवला म्हणाला होतात. मला म्हणालात, ताईला फोनवर अख्खा वाचून दाखवला, ताई हो म्हणाली.”

कांतानं नकारार्थी मान हलवली.

“ताई हो म्हणाली असती तर मी गप्प बसले ते ठीक होतं,” वर्षाली म्हणाली. “तुम्ही मला त्यांच्या नावानं गप्प बसवलंत.” आणि ती उठून पाट घेऊन कांताच्या बाजूला येऊन बसली. एवढ्याशा खोलीत तो पाट सरकल्याचा आवाज बराच मोठा झाला.

हरिदासना अर्धंमुर्धं ऐकू आलं होतं. “घरातली भांडणं घरात ठेवा रे,” ते म्हणाले. “सिनेमा आहे तो. थोडं इकडचं तिकडं होते. मी नाई काही बोलत, मलेही टाकलं त्यानं त्याच्यात.”

पौर्णिमाला आता कुणी अडवलं नाही.

“आबाजी, तुम्ही दारू पिता त्याच्यात.”

“काय पितो?”

“दारू. मोहाची. गिरणीतून येता अन् आईचा पगार हिसकता. ठाण्यातून आई घरी येते तेव्हा तुम्ही ओसरीवर पडून आहा.”

हरिदास हसले. नातीनं गंमत केली असं त्यांना वाटलं. मग त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. रत्नदीपच्या तोंडाशी आल्यावर त्यांचं हसू राहून गेलं.

“मी थेंब नाई घेतला,” ते म्हणाले. “गिरणीत सारे घ्यायचे. पगाराच्या दिवशी दारात गुत्तेवाला उभा राहे. मी पंचशील घेतलं ते पाळलं. तुही माय गेली त्या रात्रीही नाई.”

“बाबा, ते तुम्ही नाही…”

“मंग मघाशी शाल कोणाले देल्ली?” हरिदासनी शाल खांद्यावरून काढली, तिची नीट घडी घातली आणि काठीनं रत्नदीपकडे सरकवली. “त्या दारुड्याले नेऊन दे.”

याच वेळी रत्नदीपचा फोन वाजला. त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि उलटा ठेवला. पण वर्षालीनं नाव वाचलं होतं.

“प्रकाशकांचा आहे,” ती म्हणाली. “सांगा ना ताईंना. संध्याकाळी वर्ध्याच्या कार्यक्रमात काय होणार आहे ते सांगा.”

मग तेही निघालं. ‘अल्लीपूर मुक्कामी’ची नवी आवृत्ती निघणार होती. मुखपृष्ठावर पूल. आणि शेवट सिनेमाचा. वाचक सिनेमा बघून पुस्तक घेतात, त्यांना पुस्तकात बाई जिवंत सापडली की फसवल्यासारखं वाटतं, असं प्रकाशकाचं म्हणणं. शेवटचं प्रकरण रत्नदीपनं लिहून ठेवलं होतं. घोषणा तो आज संध्याकाळी करणार होता.

कांता बराच वेळ ताटातल्या पाटवडीचे तुकडे करत राहिली. सिनेमा झाला तो झाला. तो तिच्या हातात नव्हताच कधी. पण पुस्तक तिच्या गाडीत झालं होतं. जगात एक जागा होती जिथं तो माणूस हात पुढे करतो. आता तिथंही पूल येणार.

“वाच,” ती म्हणाली.

“काय?”

“नवीन प्रकरण. तुह्यावाली रीत आहे ना. मले वाचून दाखवल्याशिवाय पुढं जायचं नाई. वाच.”

ती आत गेली आणि पर्स घेऊन आली. तिकिटांची मशीन आली तेव्हा जुने पंच डेपोत जमा झाले. पर्समधला हा पंच तिला निरोपाला भेट मिळालेला. तिनं तो ताटाशेजारी ठेवला.

रत्नदीपनं फोनमध्ये शोधलं. घसा साफ केला. त्याचा वाचायचा आवाज तोच होता, खड्ड्यांवरून ओरडून तयार झालेला.

“‘निकालाच्या दुसऱ्या दिवशी कांता ड्युटीवर गेली नाही…’”

टक्. पंच ताटाच्या काठावर एकदा.

“ताई, पूर्ण तर…”

“गेलती मी. वाच.”

“‘पुलावर वारा होता. आपल्यासाठी या जगात कुठेच गाडी थांबत नाही, असं तिला…’”

टक्.

“‘…असं तिला वाटलं. तिनं चपला…’”

टक्.

त्याला पुढचं वाचता आलं नाही. फोन त्याच्या हातातच विझला. हरिदास भिंतीकडे बघत होते.

“मी शब्द दिलाय, ताई,” तो म्हणाला. “प्रकाशक नागपूरहून निघालेत. पुढच्या दोन पटकथा याच लोकांच्या ओळखीनं मिळाल्या आहेत. आता माघार घेतली तर माझ्यावर कोण भरवसा ठेवेल?”

“मी तुले काही करायले नाई सांगत.” कांता ताटं गोळा करायला उठली. “संध्याकाळी येतो आम्ही सारे. समोर बसीन. तू तुह्यं कर.”

वर्धा

संध्याकाळचं सभागृह हिंगणघाटच्या दुप्पट मोठं होतं, पण समिती तीच, पोस्टर तेच, आणि हिरालालजींच्या हातातला कागदही तोच. रत्नदीपनं त्यांना सकाळी काय सांगितलं असेल ते असो, कागदावर पोचलं नव्हतं. पहिल्या रांगेत प्रकाशक बसले होते, मांडीवर जरीच्या कापडात गुंडाळलेलं मुखपृष्ठ घेऊन.

कांता तिसऱ्या रांगेत, मुद्दाम. एका बाजूला हरिदास, खांद्यावर शाल नाही. दुसऱ्या बाजूला पौर्णिमा, तिच्यापलीकडे वर्षाली. लेखकपत्नीसाठी पहिल्या रांगेत राखलेली खुर्ची रिकामी होती.

“कार्यक्रमाच्या प्रारंभी,” हिरालालजी म्हणाले आणि त्यांचे डोळे आपसूक मिटले, “ज्या माउलीच्या बलिदानातून…”

खुर्च्या मागे सरकल्या. सगळं सभागृह उठलं. मंचावरचे उठले. रत्नदीपही उठला.

हरिदासचा हात सवयीनं काठीकडे गेला.

“कोण गेलं?”

“कोणी नाई गेलं, बाबा. बसा.”

ते बसले. चौघंही बसून राहिली. उभ्या माणसांच्या रानात त्यांची रांग खळग्यासारखी दिसत होती. मागून कुणीतरी कांताच्या खांद्याला बोट लावलं.

“बाई, उठा. श्रद्धांजली आहे.”

“मालूम आहे.”

“काय लोक असतात,” मागची बाई शेजारणीला म्हणाली. “दोन मिनिटं उठवत नाही यांना.”

कांतानं पर्स उघडली. खुर्चीचा हात लोखंडी होता. तिनं पंच त्याच्यावर ठोकला. एकदा. त्या शांततेत तो आवाज थेट मंचापर्यंत गेला.

रत्नदीपनं मान वर केली. सकाळसारखंच डोळ्याला डोळा भिडला. ती काही खुणावत नव्हती. एक घंटी दिली की कंडक्टर पुन्हा बोलत नाही. गाडी थांबवणं ड्रायव्हरचं काम. पहिल्या रांगेत प्रकाशक जरीचं कापड सावरत उभे होते. रत्नदीपनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वर्षालीच्या रिकाम्या खुर्चीकडे.

मग तो चालत माईकपाशी आला. हिरालालजींचे डोळे अजून मिटलेलेच होते. त्यानं त्यांना हातानं बाजूला केलं.

“बसा,” तो म्हणाला. “सगळ्यांनी बसा. कांताबाई गेलेल्या नाहीत. माझी ताई आहे ती. ती बघा, तिसऱ्या रांगेत. सकाळीही तिथंच होती, आणि मी तिला पाहिलं होतं.”

लोक गोंधळले. अर्धे बसले, अर्धे तसेच उभे. सगळे बसल्यावर कांता उठली. आता तिची पाळी होती. माना वळल्या, मोबाईल वर झाले, टाळ्या सुरू झाल्या. मागच्या बाईनं सर्वांत जोरात वाजवल्या. कांता हसली नाही. ती भावाकडे बघत उभी राहिली.

टाळ्या थांबल्या तरी ती उभीच होती.

“आणि पुस्तक,” रत्नदीप म्हणाला. माईकनं त्याचा श्वास मोठा करून सगळ्यांना ऐकवला. “नव्या आवृत्तीत शेवट बदलणार होतो. बदलणार नाही. पुस्तकात तो माणूस हात पुढे करतो आणि तिकीट घेतो. तेच राहील. कारण तेच झालं.”

प्रकाशक खाली बसले. जरीचं कापड त्यांनी उलगडलं नाही. पुन्हा टाळ्या झाल्या, आणि हिरालालजी, एव्हाना पूर्ण जागे झालेले, एक शाल आणि नारळ घेऊन घाईघाईनं मंचावरून उतरले.

“माउली, वर चला. आमच्याकडून मोठी चूक…”

“थांबा जरा,” कांता म्हणाली. तिनं शालीला हात लावला नाही. “अजून राह्यलं.”

“काय राहिलं?”

“त्याले मालूम आहे.”

रत्नदीप माईकपासून मागे फिरला होता. तिचा आवाज ऐकून थांबला. त्यानं तिच्या शेजारी, शालीशिवाय बसलेल्या बाबांकडे पाहिलं.

“काय म्हणे तो?” हरिदासनी विचारलं, पाच रांगांना ऐकू जाईल असं.

“आता तुमचं सांगते तो.”

हरिदासनी सदऱ्याची वरची गुंडी लावली. काठी रोवली आणि कुणाचा हात न घेता उठून उभे राहिले. मंचावर रत्नदीपनं माईक पुन्हा तोंडाशी धरला.

कांतानं पंच खुर्चीच्या हातावर टेकवून धरला. ठोकला नाही अजून.